‘देवमाणूस’चा शेवट आणि प्रेक्षकांचा राग
(द्वितीय वर्ष कला)

गोष्ट सांगणाऱ्याचा गोष्टीवर हक्क असतो, हे सर्वांना मान्य आहे. परंतु गोष्ट ऐकणाऱ्याचा, वाचणाऱ्याचा किंवा पाहणाऱ्याचा तिच्यावर काही हक्क असतो काय? एखाद्या कथेचा शेवट पटला नाही म्हणून माणसे रागावतात, तेव्हा तो राग निव्वळ भाबडेपणाचा असतो, की त्यामागे काही विचारही असतो? साहित्यशास्त्राच्या तासाला ‘शोकात्मिका आणि तिचा परिणाम’ हा भाग चालू असताना हा प्रश्न माझ्या मनात आला. वर्गात उदाहरणे निघाली ती गाजलेल्या नाटकांची. मला मात्र आमच्या वस्तीवरच्या बायकांची आणि त्यांनी वर्षभर नेमाने पाहिलेल्या एका मालिकेची आठवण होत राहिली.

दूरचित्रवाणीवरील मालिका हा विषय महाविद्यालयाच्या वार्षिकांकाला शोभतो काय, अशी शंका कोणी घेईल. त्यांना एवढेच सांगावेसे वाटते की, आज आपण आदराने अभ्यासतो ती हरिभाऊ आपट्यांची ‘पण लक्षात कोण घेतो?’ ही कादंबरी १८९० पासून ‘करमणूक’ या साप्ताहिकात क्रमशः प्रसिद्ध होत होती. पुढे काय होणार म्हणून वाचक पुढच्या अंकाची वाट पाहत. ‘पुढच्या भागात काय?’ हा प्रश्न मराठी वाचकाला त्या काळापासून परिचयाचा आहे. तेव्हा मालिकेचा दर्जा काहीही असो, तिच्या प्रेक्षकांचा विचार करण्यात काही वावगे नाही.

मालिका आणि तिचा काळ

‘देवमाणूस’ ही मालिका झी मराठी वाहिनीवर ३१ ऑगस्ट २०२० रोजी सुरू झाली आणि १५ ऑगस्ट २०२१ रोजी तिचे पहिले पर्व संपले. रात्री साडेदहाची वेळ. कातळवाडी नावाच्या गावात डॉ. अजितकुमार देव हा डॉक्टर राहतो. तो मृदुभाषी आहे, अडल्यानडल्यांना मदत करतो, म्हणून गाव त्याला देवमाणूस म्हणते. वस्तुतः तो देवीसिंग नावाचा गुन्हेगार आहे. बायकांना प्रेमाच्या जाळ्यात ओढायचे, त्यांचे दागिने-पैसे घ्यायचे आणि मग त्यांना नाहीसे करायचे, हा त्याचा उद्योग. ही भूमिका किरण गायकवाड यांनी केली. रुक्मिणी सुतार यांची सरू आजी, अस्मिता देशमुख यांची डिंपल, नेहा खान यांची पोलीस अधिकारी दिव्या सिंग ही पात्रेही घरोघरी ओळखीची झाली.

या मालिकेचा काळ ध्यानात घेतला पाहिजे. करोनाची साथ होती. शाळा बंद होत्या. मी तेव्हा दहावीत होते आणि आमची शाळा मोबाईलवर भरत होती. गावोगावच्या यात्रा, सप्ते, तमाशे बंद पडले होते. त्याच २०२१ साली आपल्या तालुक्यात भाळवणीला मोठे कोविड केंद्र उभे राहिले होते. डॉक्टरच्या एका शब्दावर घरेच्या घरे जीव टांगून बसलेली असताना, ज्याला आपण देव मानतो तोच मारेकरी असला तर काय, अशी ही कथा रोज रात्री घरात येत होती. तिची पकड बसली यात नवल ते काय?

दुसरी गोष्ट अशी की, ही कथा हवेतून आलेली नव्हती. सातारा जिल्ह्यातील वाईजवळच्या धोम येथील २०१६ च्या हत्याकांडावरून ती सुचली, हे मालिका चालू असतानाच वर्तमानपत्रांत वारंवार छापून येत होते आणि लोकांना ठाऊकही होते. त्या प्रकरणाकडे आपण पुढे वळू.

तीन तक्रारी

मालिका शेवटाकडे झुकली तसे तिचे स्वरूप बदलत गेले. पोलीस तपास आला, खटला आला, सरकारी बाजूने लढणारी आर्या देशमुख ही वकील आली. आता हा सापडणार, आता याचे बिंग फुटणार, अशी आशा दर आठवड्याला वाढत होती. परंतु तो पुन्हा पुन्हा निसटत गेला. १५ ऑगस्टच्या विशेष भागात तरी कायद्याचा हात त्याच्यापर्यंत पोहोचेल, या आशेने लोक बसले होते. तसे झाले नाही. न्यायालयाने दोषी ठरवलेला, शिक्षा भोगणारा देवीसिंग पाहायला मिळालाच नाही. शेवट न आवडल्याच्या प्रतिक्रियांचा तेव्हा पाऊस पडला. लवकरच डिसेंबर २०२१ मध्ये दुसरे पर्व सुरू झाले, तेव्हा मोकळ्या सोडलेल्या शेवटाचे कारणही लोकांच्या लक्षात आले. पुढे २०२५ साली ‘देवमाणूस - मधला अध्याय’ या नावाने आणखी एक पर्व आले.

या लेखाच्या निमित्ताने मी आमच्या वस्तीवरच्या आणि शेजारच्या गावातल्या काही जणींशी बोलले. कांदे लावताना, दुधाच्या गाडीची वाट पाहताना त्यांना त्या शेवटाविषयी विचारले. मधे काही वर्षे गेली होती, तरी राग ताजा होता. त्यांच्या बोलण्यातून मला तीन तक्रारी वेगवेगळ्या करता आल्या.

पहिली तक्रार शिक्षेची. एक काकू म्हणाल्या, “एवढ्या बाया खाल्ल्या त्यानं, आन् शेवटाला फाशी न्हाई का काय न्हाई!” ही सर्वांत मोठ्या आवाजात केली जाणारी तक्रार आहे आणि ती कोणालाही चटकन कळते.

दुसरी तक्रार शब्दाला न जागण्याची. “वरीसभर डोळं फोडून बघितलं. सकाळी लवकर उठायचं आसायचं तरी जागलो. आन् शेवट म्हणून दावलं त्यो शेवटच न्हवता.” येथे राग देवीसिंगावर नाही, गोष्ट सांगणाऱ्यावर आहे. सांगणारा आणि ऐकणारा यांच्यात न बोललेला एक करार असतो. ऐकणारा आपला वेळ देतो, सांगणारा गोष्ट पुरी करतो. हा करार मोडला, असे या बाईंचे म्हणणे.

तिसरी तक्रार एका आजींनी केली. त्या फार वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, “त्याला फाशी द्या न्हाईतर देऊ नका. पर ज्या बाया गेल्या त्यांचं काय? गाव म्हणतं पळून गेली. तिच्या नावाचा डाग कोण पुसणार?” मला स्वतःला ही तक्रार आधी सुचलीच नव्हती. या लेखाचा मुख्य विचार आजींच्या या वाक्यावरच उभा आहे.

शोकान्त वेगळा, शेवट नसणे वेगळे

मालिकांच्या प्रेक्षकांवर एक आरोप नेहमी होतो. त्यांना गोड शेवट लागतो, दुःख पचत नाही, असे म्हटले जाते. हा आरोप तपासून पाहिला पाहिजे.

राम गणेश गडकरी यांचे ‘एकच प्याला’ १९१९ साली, गडकऱ्यांच्या निधनानंतर, रंगभूमीवर आले. सुधाकर दारूपायी स्वतःचा आणि संसाराचा नाश करतो. सिंधूसारख्या निरपराध स्त्रीला मरण येते. येथे गोड असे काय आहे? तरीही मराठी प्रेक्षकांनी हे नाटक डोक्यावर घेतले, पिढ्यान्पिढ्या पाहिले, त्यात रडले. आमच्याकडच्या बायाही जात्यावर सीतेच्या वनवासाच्या ओव्या गात आल्या. तिचे शेवटी धरणीत जाणे त्यांना कधी ‘न पटणारे’ वाटले नाही. म्हणजे दुःख पचत नाही हा आरोप टिकत नाही.

बाहेरच्या जगातही वाचक रागावल्याची उदाहरणे आहेत. डिसेंबर १८९३ मध्ये लंडनच्या ‘स्ट्रँड’ मासिकात कॉनन डॉयल यांनी शेरलॉक होम्सला मारून टाकले. वीस हजारांवर वर्गणीदारांनी त्या मासिकाची वर्गणी बंद केली असे सांगितले जाते. दहा वर्षांनी, १९०३ साली, होम्स जिवंत होऊन परतला. परंतु तेथे आवडता नायक मेला म्हणून वाचक रागावले होते. कातळवाडीच्या बाबतीत खलनायक सुटला म्हणून लोक रागावले. पहिला राग प्रेमातून आलेला, दुसरा न्यायबुद्धीतून आलेला आहे.

याउलट ‘ब्रेकिंग बॅड’ ही अमेरिकन मालिका पाहावी. वसतिगृहावर राहणाऱ्या एका मैत्रिणीच्या मोबाईलवर तिचे काही भाग मी पाहिले. रसायनशास्त्राचा एक साधा शिक्षक अमली पदार्थ बनवू लागतो आणि हळूहळू निर्दय गुन्हेगार होतो. सप्टेंबर २०१३ मध्ये ही मालिका संपली. संपण्यापूर्वीचा तिसरा भाग ‘ओझिमँडियास’ या नावाचा आहे. त्यात त्याने केलेल्या प्रत्येक कृत्याचे फळ त्याच्या स्वतःच्या घरावर कोसळते. तो भाग पाहताना अंगावर काटा येतो, तरीही पाहणाऱ्यांनी तो सर्वोत्कृष्ट भागांपैकी एक मानला. अंधार तेथेही आहे, पण तेथला अंधार कोठेतरी पोहोचतो.

यावरून असे दिसते की, प्रेक्षक काळोख्या शेवटाला भीत नाही. गोष्ट न संपवता ती संपली असे सांगितले की तो चिडतो.

शास्त्र काय म्हणते

आपण अभ्यासतो त्या दोन्ही परंपरांनी या प्रश्नाचा विचार फार पूर्वी केलेला आहे.

ॲरिस्टॉटलने ‘पोएटिक्स’मध्ये कथानकाला आरंभ, मध्य आणि अंत असला पाहिजे असे सांगितले आहे. हे इतके साधे वाटते की, परीक्षेत लिहिताना आपण त्याचा विचारही करीत नाही. पण अंताची त्याची कल्पना मार्मिक आहे. ज्याच्या आधी काहीतरी अपरिहार्यपणे असते आणि ज्याच्यानंतर काही असण्याची गरज उरत नाही, तो अंत. पुढे तो कथानकाचे प्रकार सांगतो. त्यात दुष्ट माणूस विपत्तीतून वैभवाकडे जातो, हा प्रकार त्याने शोकात्मिकेला सर्वांत परका मानला आहे. कारण त्याने न्यायबुद्धीचे समाधान होत नाही, करुणा जागी होत नाही आणि भीतीही निर्माण होत नाही. काकूंनी कांद्याच्या वाफ्यात उभे राहून जे सांगितले, ते याहून वेगळे आहे काय?

भरताच्या नाट्यशास्त्रात पाच संधी सांगितले आहेत: मुख, प्रतिमुख, गर्भ, विमर्श आणि निर्वहण. बीज पेरले जाते, ते अंकुरते, दिसते-लपते, संकटात सापडते आणि शेवटच्या संधीत सर्व धागे एकत्र येऊन फळाला जातात. आमच्यासारख्या शेतकरी घरातल्या मुलीला हे समजायला जड जात नाही. बी पेरले, पाणी दिले, खुरपणी केली, आणि काढणीच्या दिवशी मालकाने सांगितले की यंदा काढणी नाही, पुढच्या साली पाहू. तर मजुराला काय वाटेल? ‘देवमाणूस’ विमर्शसंधीत येऊन थांबली आणि निर्वहण पुढच्या पर्वासाठी राखून ठेवले. दैनंदिन मालिकेचे अर्थकारण असे आहे की, चालत्या गाड्याची खीळ कोणी काढत नाही. फळ हाती आले की प्रेक्षक उठून जाईल, ही भीती त्यामागे असते.

आता आजींच्या तक्रारीकडे येऊ. ॲरिस्टॉटलने कथानकाचे एक महत्त्वाचे अंग सांगितले आहे. अज्ञानातून ज्ञानाकडे जाणे, न ओळखलेले ओळखले जाणे, याला मराठीत ‘अभिज्ञान’ म्हणतात. आपल्याकडे तर कालिदासाच्या नाटकाच्या नावातच हा शब्द आहे. शकुंतलेला दुष्यंत ओळखत नाही. भर दरबारात तिला खोटे पडावे लागते. पुढे कोळ्याला माशाच्या पोटात अंगठी सापडते आणि ती खरे बोलत होती हे उघड होते. त्या अंगठीचे मोल सोन्यात नाही. एका स्त्रीचा शब्द खरा ठरतो, यात ते आहे.

आजी शिकलेल्या नाहीत. त्यांनी अभिज्ञान हा शब्द ऐकलेला नाही. परंतु त्यांनी जे मागितले ते नेमके हेच होते. फाशी ही त्यांच्या लेखी दुय्यम होती. कातळवाडीच्या डोळ्यांवरची पट्टी सुटली पाहिजे आणि नाहीशा झालेल्या बायका कोठे गेल्या हे उजेडात आले पाहिजे, ही त्यांची मागणी होती. प्रेक्षकाला सत्य पहिल्या आठवड्यापासून ठाऊक होते, गावाला ते कळायचे राहिले होते. ते पुरते कळलेच नाही, म्हणून गोष्ट अपुरी राहिली.

खलनायकाची मोहिनी

येथे एक अवघड प्रश्न उभा राहतो. प्रेक्षकांना देवीसिंगाचा इतका राग होता, तर ते रोज साडेदहाला त्यालाच पाहायला का बसत?

निळू फुले यांच्याविषयी असे सांगितले जाते की, चित्रपटातल्या त्यांच्या भूमिका पाहून गावोगावच्या बायका त्यांना प्रत्यक्षातही दुष्ट समजत. खलनायकाचा तिरस्कार हीच त्यांच्या अभिनयाला मिळालेली दाद होती. अलीकडे चित्र पालटले आहे. ‘रात्रीस खेळ चाले’ या मालिकेच्या २०१९ च्या दुसऱ्या पर्वात माधव अभ्यंकर यांनी रंगवलेले अण्णा नाईक हे क्रूर, लंपट पात्र लोकप्रिय झाले. देवीसिंगाच्याही बोलण्याच्या नकला मुले करीत.

मला वाटते, याचे कारण कथनाच्या पद्धतीत आहे. पूर्वीच्या चित्रपटात आपण नायकाच्या बाजूने गोष्ट पाहत होतो. या मालिकेत आपण खलनायकाच्या खोलीत बसलेलो असतो. त्याचा बेत, त्याची भीती, त्याची लबाडी गावाला दिसत नाही, पण आपल्याला दिसते. तो पकडला जाण्याच्या बेतात आला की, आपलाही श्वास अडकतो. असे करता करता प्रेक्षक नकळत त्याचा साथीदार होतो. तेव्हा शेवटी त्याला शासन व्हावे ही इच्छा केवळ सुडाची म्हणता येणार नाही. वर्षभर त्याच्या खोलीत बसलेल्या प्रेक्षकाला तेथून बाहेर पडायचे असते. ॲरिस्टॉटलच्या ‘कॅथार्सिस’चा अर्थ मला या उदाहरणावरून अधिक नीट समजला. भावना जागवल्या आणि त्यांना वाट करून दिली नाही, तर त्या आत कुजतात. आणि त्याचेच नाव राग.

वास्तवात काय घडले

मालिकेने ज्या घटनेचा आधार घेतला ती थोडक्यात अशी. धोम येथे संतोष पोळ नावाचा एक इसम डॉक्टर म्हणून वावरत होता. जून २०१६ मध्ये पूर्वप्राथमिक शिक्षिकांच्या संघटनेचे काम करणारी एक महिला बेपत्ता झाली. तिच्या शोधाचे धागे पोळपर्यंत गेले आणि ऑगस्ट २०१६ मध्ये पोलिसांनी त्याला अटक केली. त्याच्या फार्महाऊसच्या आवारात खोदकाम झाले तेव्हा पुरलेले मृतदेह मिळाले. २००३ ते २०१६ या काळात सहा जणांचे खून केल्याचा आरोप त्याच्यावर ठेवण्यात आला. त्याची सहकारी परिचारिका माफीची साक्षीदार झाली आणि साताऱ्याच्या न्यायालयात खटला उभा राहिला. हा मनुष्य अधिकाऱ्यांविरुद्ध, अगदी पोलिसांविरुद्धही, तक्रारी करणारा म्हणून परिसरात ओळखला जात होता. त्यामुळे त्याच्याकडे बोट दाखवणे कोणालाही सोपे नव्हते.

यातील दोन गोष्टी आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाच्या आहेत.

पहिली अशी की, वास्तवात आरोपी पकडला गेला, कथेत निसटला. सामान्यतः उलट घडते असे आपण मानतो. जीवनात न्याय मिळत नाही, म्हणून माणूस कथेत तो शोधतो, असे म्हणतात. येथे कथेने वास्तवापेक्षा कमी न्याय दिला. प्रेक्षकांना खरी घटना माहीत होती, म्हणूनच त्यांना तो शेवट खोटा वाटला. त्यांच्या रागात कल्पनाविलास कमी आणि वस्तुस्थितीचे भान अधिक होते.

दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. आरोपपत्राप्रमाणे पहिली व्यक्ती नाहीशी झाली २००३ मध्ये, आणि जमीन उकरली गेली २०१६ मध्ये. मधल्या तेरा वर्षांत त्या त्या घरातली माणसे काय समजून जगली असतील? घरातून गेलेल्या बाईविषयी समाजाचा पहिला तर्क काय असतो, हे येथे लिहून सांगायची गरज नाही. पुरुष परतला नाही तर लोक म्हणतात, काही बरेवाईट झाले की काय. बाई परतली नाही तर म्हणतात, गेली कुणाबरोबर तरी. देवीसिंगासारख्यांचे खरे हत्यार इंजेक्शन नसते. लोकांचा हा तर्क असतो. त्याला खोटे बोलावेच लागत नाही, गावच त्याच्या वतीने खोटे बोलते. बाई घाबरून काही सांगत नाही, कारण सांगितले तर दोष तिलाच लागणार. आणि ती नाहीशी झाल्यावर कोणी शोधत नाही, कारण शोधले तर घराची अब्रू जाणार.

आजींची तक्रार मी याच उजेडात वाचते. नाहीशा झालेल्या बाईच्या नावाचा डाग गोष्टीतही पुसला जात नसेल, तर तो पुसावा लागतो ही गोष्टच लोकांना शिकायला मिळत नाही.

मालिकेचा काहीच उपयोग झाला नाही, असे मात्र म्हणता येणार नाही. माझ्या आईला फारसे वाचता येत नाही. त्या वर्षापासून कोणत्याही नव्या दवाखान्याच्या दारात ती मला थांबवते आणि म्हणते, “पाटीवर काय लिवलंय ते वाच आधी.” पदवी कोणती, नोंदणी क्रमांक आहे की नाही, हे मी तिला वाचून दाखवते. महाराष्ट्रात नोंदणीशिवाय वैद्यकीय व्यवसाय करणे हा महाराष्ट्र वैद्यक व्यवसायी अधिनियम, १९६१ अन्वये गुन्हा आहे, हे मला त्यानंतर शोधून वाचावेसे वाटले. आमच्या घरात महाविद्यालयात आलेली मी पहिलीच. शिक्षणाचा घराला काय उपयोग, असे कोणी विचारले तर दवाखान्याची पाटी वाचणे हा मला त्यातला लहान उपयोग वाटत नाही.

एक आक्षेप

येथे कोणी विचारील की, प्रत्येक कथेत दुष्टाला शिक्षा आणि सुष्टाला बक्षीस दिले, तर साहित्य आणि बोधकथा यांत फरक तो काय उरला? जगात गुन्हेगार सुटतात. लेखकाने ते दाखवले तर त्याला दोष का द्यावा?

आक्षेप योग्य आहे आणि त्याला उत्तर दिले पाहिजे. विजय तेंडुलकर यांचे ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ हे नाटक १९६७ साली रंगभूमीवर आले. त्यात लीला बेणारे हिला खोट्या खटल्याच्या खेळात उघडे पाडले जाते, तिच्यावर निकाल लादला जातो आणि तिला छळणारी माणसे ‘हा तर खेळ होता’ म्हणून मोकळी होतात. कोणालाही शिक्षा होत नाही. तरीही ते नाटक अपुरे आहे असे कोणी म्हणत नाही. का? कारण त्या माणसांचे खरे रूप आपल्यासमोर संपूर्ण उघडे झालेले असते. बेणारेचे म्हणणे आपण ऐकलेले असते. न्याय मिळत नाही, पण सत्य मिळते. आणि न्याय न मिळाल्याची जबाबदारी नाटककार प्रेक्षकांच्या अंगावर टाकतो.

तेव्हा प्रश्न शिक्षेचा नाही. लेखकाने गुन्हेगाराला मोकळे सोडण्यामागे काही सांगायचे असेल, तर तोही शेवट होऊ शकतो. ‘पाहा, तुमच्या आंधळेपणामुळे हा सुटला’ असे मालिकेने ठणकावून सांगितले असते, तर आमच्या आजी कदाचित अस्वस्थ झाल्या असत्या, पण त्यांना फसवल्यासारखे वाटले नसते. येथे गुन्हेगार सुटला तो पुढच्या पर्वासाठी. कलेच्या गरजेने मोकळा ठेवलेला शेवट आणि व्यापाराच्या गरजेने मोकळा ठेवलेला शेवट यांतला फरक साध्या प्रेक्षकाला बरोबर कळतो, हे या प्रकरणातून दिसून येते.

समारोप

या लेखात मांडलेले मुद्दे थोडक्यात असे सांगता येतील. ‘देवमाणूस’च्या शेवटावर प्रेक्षक रागावले ते दुःख सहन होत नाही म्हणून नव्हे. त्यांच्या रागात न्यायाची अपेक्षा होती, सांगणाऱ्याने शब्द पाळावा ही मागणी होती, आणि सर्वांत खाली, नाहीशा झालेल्या स्त्रियांविषयीचे सत्य उघड व्हावे ही तळमळ होती. यांतली प्रत्येक गोष्ट साहित्यशास्त्राने मान्य केलेली आहे. अंत, निर्वहण, अभिज्ञान हे शब्द आपण परीक्षेसाठी पाठ करतो; त्यांचा अर्थ आपल्या घरच्या माणसांना शब्दांवाचून ठाऊक असतो.

विद्यार्थी मित्र-मैत्रिणींना मला दोन गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. आपल्यापैकी अनेकांच्या घरी वाचनाची परंपरा नाही, पण गोष्ट ऐकण्याची आणि तिच्यावर वाद घालण्याची परंपरा मोठी आहे. घरातली माणसे एखाद्या मालिकेविषयी, वगाविषयी, कीर्तनातल्या आख्यानाविषयी काय बोलतात, ते हसण्यावारी न नेता त्यांच्याच शब्दांत लिहून ठेवावे. प्रकल्पासाठी विषय शोधत दूर जाण्याची गरज पडणार नाही, आणि आपले प्राध्यापक अशा लेखनाला नक्कीच मार्गदर्शन करतील.

दुसरी गोष्ट साहित्याबाहेरची आहे. आपल्या गावात, नात्यात, ओळखीत एखादी बाई घरातून नाहीशी झाली आणि ती कोठे आहे हे कोणालाच ठाऊक नसले, तर तिच्याविषयी बोलताना ‘पळून गेली’ हा शब्द आपण तरी वापरू नये. ‘बेपत्ता आहे’ असे म्हणावे, आणि पोलिसांत तशी नोंद झाली आहे काय, हे विचारावे.